कुठला परवा?

माझी लेक पाच वर्षांची असताना तिने माझ्या आईला विचारलेला एक प्रश्न आमच्या घरात कित्येक वर्षं विनोद म्हणून चालला. आई तेव्हा नागपूरहून पहिल्यांदाच आमच्याकडे कॅनडात, वॉटर्लूला आली होती. "परवा आपण दोघी बागेत जाऊ," असं ती नातीला म्हणाली, तर पोरगी कमरेवर हात ठेवून विचारते, "कुठला परवा? मागचा की पुढचा?" आई हसून हसून सोफ्यावर आडवी झाली. "अगं माय, जाऊ म्हटलं ना मी? मग मागचा कसा असेल?" मीही हसले. पुढे लेकीच्या मराठीची टिंगल करायची झाली की मी हेच काढायची. पाहुण्यांसमोरसुद्धा.

मला माझ्या मराठीचा तोरा फार. शाळेतल्या बाईंची मुलगी ना मी! आईने नागपुरात मुलींच्या शाळेत भूगोल शिकवण्यात उभा जन्म घालवला. मी कॅनडात आल्यावर तिला पत्रं लिहायची, तर ती त्यातलं ऱ्हस्वदीर्घ लाल शाईने दुरुस्त करून तेच पत्र परत पाठवायची. माझं पोटापाण्याचं कामही तसलंच आहे. एका सॉफ्टवेअर कंपनीत मी दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधते. दिवसभर ऑफिसातल्या शोधते आणि संध्याकाळी घरच्यांच्या. नवरा इथल्याच, शेजारच्या केंब्रिजला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर आहे. तो म्हणतो, "घरी तरी सुट्टी घेत जा गं."

बाबा गेल्यावर आई कॅनडात आली, पण आमच्या घरी राहिली नाही. "जावयाच्या घरी सासू चार दिवसच शोभते," म्हणाली आणि रिचमंड हिलला एका कॉन्डोत, म्हणजे आपल्या फ्लॅटमध्ये, एकटी राहायला लागली. आमच्यापासून सव्वा तासावर. शेजारी तिच्याच वयाची एक इराणी बाई. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, दोघींचं इंग्रजी यथातथा, पण दुपारचा चहा रोज बरोबर.

मागच्या उन्हाळ्यात आईच्या हृदयाची एक झडप अरुंद झाल्याचं निघालं. चार पावलं चालली की धाप लागायची. डॉक्टर म्हणाले, छाती उघडून झडप बदलावी लागेल. वय एकोणऐंशी, तेव्हा धोका आहे. पण न करण्यात त्याहून मोठा आहे. तारीख मात्र मिळेना. इकडे तारखेची वाट बघणं हाच एक आजार आहे. मी दिवसाआड फोन करायची. "आली का तारीख?" "नाही." "तू विचारलंस का?" "विचारलं." "मग काय म्हणाले?" "कळवतो म्हणाले." मग मी आईवर चिडायची, मग हॉस्पिटलच्या फोनवरच्या मुलीवर, मग कोणी उरलं नाही की नवऱ्यावर. माझ्या डोक्यात एकच गोष्ट पक्की होती. आईला आत नेतील तेव्हा मी तिथे असणार. बाबा गेले तेव्हा मी विमानात होते, कुठल्या तरी समुद्रावर. तसं पुन्हा होऊ देणार नव्हते.

अशात जानेवारीत आईने आमच्यापुढे मालागाची दोन तिकिटं ठेवली. स्पेनच्या दक्षिणेला, भूमध्य समुद्राच्या काठावरचं शहर. "लग्नाला पंचवीस वर्षं झाली तुमच्या. कुठे गेलात का कधी दोघं? फेब्रुवारीत तिथे ऊन असते. इथे काय, ड्राइव्हवेवरचं बर्फ उपसून राहाल."

मी म्हटलं, "आणि तुझी तारीख आली तर?"

"आली तर आली. ते काय तुझ्या हातात आहे?"

हे ती माझ्याकडे न बघता, चहा गाळता गाळता म्हणाली. मी काही ऐकलं नाही, काही पाहिलं नाही. चुका शोधणारी म्हणे!

तिकिटांसोबत एक वही होती. आईने नकाशे आणि वेळापत्रकं पाहून आमच्या एकेका दिवसाची सहल आखून दिली होती. सोमवारी शहर पाहणे. मंगळवारी नेर्हा, समुद्राकाठचं गाव आणि गुहा. बुधवारी रोंदा, गुरुवारी कोर्दोबा, शुक्रवारी ग्रानादा. रोज सकाळी आठला निघणे, रात्री आठला परत येणे. कुठली बस, कुठल्या बाजूला बसलं म्हणजे खिडकीतून डोंगर दिसतील, तेही. रोंदाच्या पानावर लाल शाईने सूचना होती: "पुलावर फोन बाहेर काढू नये. खाली खोल दरी आहे. हातातून सुटला तर गेला." आणि पहिल्याच पानावर: "रोज फोन करू नये. रात्री एक फोटो पाठवावा. सहलीला गेलेल्या माणसाने सहल करावी."

"एखादा दिवस निवांत बसू द्यायचं ना," नवरा म्हणाला.

"भूगोलाची बाई आहे ती. तिला काय ठाऊक निवांत," मी म्हटलं. आणि मला कौतुकच वाटलं, बघा. या वयात केवढा उत्साह!

आमच्या घराण्यात सहल म्हणजे तिखटमिठाच्या पुऱ्या. त्यांच्याशिवाय मी घराचा उंबरा ओलांडत नाही. कणीक, ओवा, तिखट, छोटं लाटणं, सगळं बॅगेत घालून मी स्पेनला नेलं. नवऱ्याने डोक्याला हात लावला, पण खाताना त्याचा हात कधी थांबला नाही. माझ्या पुऱ्यांना नाही म्हणणारं माणूस मी एकदाच पाहिलंय. चार वर्षांपूर्वी आई आमच्याकडे आली होती आणि आजी-नात दोघीच एक दिवस नायगाराला गेल्या. मी पहाटे उठून बत्तीस पुऱ्या करून दिल्या. संध्याकाळी डबा जसाच्या तसा परत! एक पुरी मोडली नव्हती कोणी. त्या दिवशी मी लेकीला अशी फैलावर घेतली, की विचारू नका. माझ्या कष्टांची किंमत नाही, बाहेरचं चरायला पाहिजे, वगैरे वगैरे. तिने ऐकून घेतलं आणि डबा घासून ठेवला.

तर मालागा. खरं सांगते, मला इतकं आवडेल असं वाटलं नव्हतं. आमच्याकडे बर्फ गुडघ्याएवढं आणि इथे रस्त्यावरच्या झाडांना संत्री लगडलेली! नागपूरच्या माणसाने ते बघितल्यावर काय करावं? मी एक तोडून सोलून तोंडात घातलं. कडू जहर. नवरा इतका हसला की बाकावर बसला. "नागपूरवालीला संत्र्यांचं कोणी सांगायला नको, नाही का?" म्हणाला. मंगळवारी आम्ही नेर्हाची गुहा पाहिली. रात्री फोटो पाठवला, आईचं उत्तर आलं: "फोटो छान आहे. स्वेटर घालावा." तिच्या सगळ्या मेसेजसारखं, पूर्ण वाक्य, शेवटी पूर्णविराम.

बुधवारी रोंदा. दोन कड्यांवर वसलेलं गाव आणि मध्ये आ वासून पडलेली दरी. दरीवर दगडी पूल. दुपारी दोन वाजता आम्ही त्या पुलावर उभे होतो, हे मला पक्कं आठवतं, कारण नवऱ्याने आईची सूचना मोडून फोन बाहेर काढला आणि मी ओरडले. भर पुलावर आम्ही भांडलो. मग खालच्या बागेत बसून पुऱ्या खाल्ल्या. त्या रात्री आईचं उत्तर आलं नाही. सिनियर क्लबला गेली असेल, म्हटलं. गुरुवारी कोर्दोबाच्या खांबांचा फोटो पाठवला, तर उत्तरादाखल नुसता अंगठा आला. पिवळा, गुबगुबीत अंगठा. माझी आई जन्मात कोणाला अंगठा पाठवणार नाही. ती म्हणते, अंगठा अडाणी माणसाने उठवायचा. मी तो अंगठा पाहिला आणि फोन चार्जिंगला लावून झोपले.

शुक्रवारी ग्रानादा. तिथल्या टेकडीवरच्या जुन्या राजवाड्यात ठरलेल्या वेळेलाच आत सोडतात, पासपोर्ट दाखवून. आमची वेळ एकची. साडेबाराला आम्ही रांगेत उभे, आणि घरच्या ग्रुपवर आईचा मेसेज आला.

"परवा ऑपरेशन. डॉक्टर चांगले आहेत. सहल मोडू नये."

 मी नवऱ्याचा दंड धरला. "तारीख आली," म्हटलं, "परवा आहे." मग आम्ही दोघं तिथेच रांगेत बोटं मोजायला लागलो. आज शुक्रवार. संध्याकाळच्या बसने मालागा, उद्या सकाळचं पहिलं मिळेल ते विमान, सहा तास मागे जायचे म्हणजे उद्या दुपारीच टोरांटो. शनिवारची संध्याकाळ तिच्याजवळ. रविवारी आत नेतील तेव्हा मी तिथे. "जमतं," नवरा म्हणाला. "जमतं," मी म्हटलं.  या वेळी मी पोचणार होते.

तेवढ्यात लेकीचा मेसेज. तिकडे सकाळचे साडेसहा, ती कामावर निघायच्या तयारीत असेल. "विच परवा?"

आता मला सांगा, आईचं ऑपरेशन, मी परक्या देशात रांगेत, आणि हिला व्याकरण सुचतंय! माझं डोकंच फिरलं. लिहिलं, "परवा म्हणजे डे आफ्टर टुमॉरो. चोवीस वर्षांची झालीस. किती वेळा सांगायचं?"

"आई, दॅट्स संडे. दे डोंट डू धिस ऑन संडे."

आणि तरीही माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही! मी वाचलं ते, हो. वाचून चिडले. हिला इथलं सगळं कळतं, आम्ही आपले बावळट. रांग पुढे सरकली, पासपोर्ट मागितले, आत फोनचा आवाज नको म्हणून मी तो बंद करून पर्समध्ये टाकला.

आणि मी आत गेले. हे लिहिताना अजून लाज वाटते, पण लिहिते. आत गेल्यावर मला छान वाटलं. त्या नक्षीच्या भिंती, आणि अंगणातल्या हौदातलं पाणी, इतकं स्थिर की उलटा राजवाडा त्यात दिसावा. मनात म्हटलं, आई बरी झाली की तिला घेऊन येऊ. दोन तास मी त्या राजवाड्यात आईच्या रविवारच्या ऑपरेशनची मनात तयारी करत हिंडले. हौदाकाठी बसून पुऱ्यासुद्धा खाल्ल्या असत्या, पण आत खायला बंदी होती.

बाहेर येऊन फोन सुरू केला. अकरा मिस्ड कॉल. सगळे लेकीचे. आणि खाली एकच ओळ.

"इट वॉज वेन्सडे, आई."

मला ते कळलंच नाही. खरंच कळलं नाही. मी ते वाक्य नवऱ्याला वाचून दाखवलं आणि विचारलं, "हिने काय लिहिलंय हे?"  त्याने माझ्या हातातून फोन घेतला, आईचा मेसेज परत उघडला आणि माझ्यासमोर धरला. परवा ऑपरेशन. त्यात क्रियापद नव्हतं. लाल शाईने माझी पत्रं तपासणाऱ्या माझ्या आईने आयुष्यात पहिल्यांदा क्रियापदाशिवाय वाक्य लिहिलं होतं. 'आहे' नाही, 'झालं' नाही. आणि मी, मराठीचा टेंभा मिरवणारी, मला हवं ते क्रियापद त्यात घालून वाचलं होतं.

तिथेच पायरीवर बसले मी. माणसं माझ्या बाजूने जात होती. बुधवार, बुधवार, एवढंच डोक्यात. बुधवारी दुपारी दोन म्हणजे तिकडे सकाळचे आठ. मी पुलावर उभी राहून नवऱ्याने फोन बाहेर काढला म्हणून भांडत होते तेव्हा तिला आत नेत होते.

लेकीला फोन लावला. तिने जे सांगितलं ते असं. मी तिला झापल्यावर तिने आजीला फोन केला, उचलला नाही. मग ऑफिसात कळवून ती गाडी घेऊन निघाली. बर्फ पडत होतं. रिचमंड हिलला कॉन्डोचं दार बंद. आवाज ऐकून शेजारची इराणी बाई बाहेर आली आणि म्हणाली, "यू डोंट नो?" बुधवारी पहाटे तीच आईला हॉस्पिटलात घेऊन गेली होती. बाहेर ती एकटीच बसली होती, आणि गुरुवारपर्यंत आईचा फोन तिच्याकडेच होता. तो अंगठा तिचा! लेक तिथून तडक हॉस्पिटलात गेली.

"शी इज ओके," लेक म्हणाली. "शी इज स्लीपिंग. आय ॲम सिटिंग हिअर."

मी खूप काही बोलले. काय ते आठवत नाही. लेक मध्येच म्हणाली, "आई, आय कान्ट टॉक लाऊड हिअर," आणि तिने फोन ठेवला.

सकाळचं विमान मिळालं. चढायच्या आधी मेसेज आला, की आईच्या हृदयाचे ठोके बिघडलेत, तिला परत आयसीयूत नेलंय. मग दार बंद झालं, आणि पुढचे सात-आठ तास खाली तोच समुद्र आणि हातात बंद फोन. बाबांच्या वेळेसारखंच, सगळं तसंच. मी रडले नाही. मला धक्काच इतका बसला होता की रडू येईना. नवऱ्याने डब्यातली पुरी पुढे केली, तर मी ती हातात धरूनच बसले. उतरल्यावर फोन लागला. ठोके ठिकाणावर आले होते.

हॉस्पिटलात आई उशीला टेकून होती. एवढीशी झालेली. नाकात नळी, हातात नळी. लेक शेजारी खुर्चीवर, मांडीवर आजीचा स्वेटर. मी दारातूनच सुरू झाले. "आई, तू हे काय केलंस? खोटं बोललीस माझ्याशी?"

"खोटं?" तिचा आवाज येत नव्हता, पण ताठा होता. "काय खोटं बोलली मी? परवा म्हटलं. परवाच झालं होतं."

"तारीख तुला माहीत होती!"

"होती ना."

"तिकिटं काढायच्या आधी?"

"तारीख आली, मग तिकिटं काढली," ती म्हणाली. "ग्रानादा कसं आहे? फोटो दाखव."

 रोज आठ ते आठ. पुलावर फोन काढू नये. रोज फोन करू नये. ती वही सहलीची नव्हतीच. मला पाच दिवस घरापासून, फोनपासून, तिच्यापासून लांब ठेवायचा तो कार्यक्रम होता, एकेक बस पकडून आखलेला. आणि मी उत्साहाचं कौतुक करत होते!

"पण का?" मी ओरडले. नर्स आत डोकावली. "मी तुझी एकुलती एक मुलगी! मी इथे असायला नको?"

आईने डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "तू आली असती तर घाबरली असती. मग डॉक्टरांवर ओरडली असती, नर्सवर ओरडली असती. मग रडली असती. आणि मी उठून तुला पाणी दिलं असतं. ऑपरेशन माझं, बाई. मला त्या दिवशी कोणाला सांभाळायचं नव्हतं."

  नवरा खिडकीबाहेर बघत होता.

"ही आली काल," आईने नातीकडे बोट हलवलं. "खुर्ची ओढली आणि बसली. एक शब्द नाही. असं बसता येते माणसाला."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. माझा परवा! त्या सकाळी नवरा आईजवळ थांबला आणि मी अन् लेक तिचे कपडे आणायला कॉन्डोत गेलो. स्वयंपाकघर लख्ख. फ्रिजवर चुंबकाखाली हॉस्पिटलचं पत्र, ऑपरेशनची तारीख ठळक अक्षरांत. लपवलेलंसुद्धा नव्हतं. पत्र डिसेंबरचं, तेव्हापासून ते तिथे असणार आणि मी त्याच फ्रिजमधून दूध काढून चहा केला होता. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

मी खुर्चीवर बसले. लेक आजीचे मोजे घडी करत होती.

"तुला कसं कळलं गं?" मी विचारलं. "संडेचं राहू दे. इतक्या सकाळी, बर्फात, गाडी घेऊन निघालीस. मला तर संशयसुद्धा आला नाही."

ती म्हणाली, "बिकॉज दॅट्स व्हॉट आय वुड डू."

"म्हणजे?"

तिने मोजे पिशवीत ठेवले. दुसरी जोडी घेतली. मग माझ्याकडे न बघता, अगदी आजीसारखं, म्हणाली, "आय डिड इट, आई. आजी अँड मी. नायगारा."

"नायगाराचं काय?"

"आम्ही नायगाराला गेलोच नाही. डे ट्रिप नव्हती ती. डे सर्जरी होती." तिने उजव्या बाजूला, काखेजवळ, स्वेटरवरून हात ठेवला. "लम्प होता. इट वॉज नथिंग. पण ते काढेपर्यंत माहीत नव्हतं ना. मी आजीला सांगितलं. आजी म्हणाली, आईला नंतर सांगू."

नंतर! चार वर्षं झाली होती. पोरगी माझ्याच घरात, बेसमेंटमधल्या खोलीत, माझ्या पायाखाली झोपत होती. तिला गाठ झाली, तिने तपासून घेतली, ती काढली, रिपोर्टची वाट बघितली. रिपोर्ट चांगला आला. सगळं माझ्या नाकासमोर झालं. मी चुका शोधणारी बाई! मला एवढंसुद्धा विचारता येईना की मला का नाही सांगितलंस. उत्तर कालच मिळालं होतं, नळ्या लावलेल्या माणसाकडून.

माझ्या तोंडून आलं ते भलतंच. "म्हणून पुऱ्या खाल्ल्या नाहीत?"

"सकाळी काही खायचं नव्हतं," ती म्हणाली. "नंतर मळमळत होतं. आजीने पण नाही खाल्ल्या. म्हणाली, तू उपाशी तर मी कशी खाऊ."

मग मला ती संध्याकाळ दिसली. सिंकपाशी ती उभी आहे. मी तिच्या मागे उभी राहून बोलतेय, बोलतेय, थांबत नाहीये. बत्तीस पुऱ्या केराच्या टोपलीत. आणि ती डबा घासतेय, डाव्या हाताने. उजवा अंगाशी धरलेला. मी तेही पाहिलं होतं. चूक दिसली आणि मी सोडली, असं झालंय का कधी?

"डाव्या हाताने काय घासतेस?" मी तिला म्हटलं होतं. "उजवा मोडला का गं?"